टोकाचं तापमान, टोकाचा पाऊस: प्रादेशिक कल अभ्यासायला बसताना

१३ सप्टेंबर १९२२ रोजी लिबियातल्या अल अझिझिया या हवामान केंद्रावर ५८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. पुढची नव्वद वर्षं ती पृथ्वीवरच्या सर्वोच्च तापमानाची नोंद म्हणून छापली जात होती. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती रद्द केली. तज्ज्ञांनी मूळ नोंदवहीचं पान काढून पाहिलं, तेव्हा दिसलं की त्या सप्टेंबरात मध्येच हस्ताक्षर बदललंय आणि आकडे चुकीच्या रकान्यांत पडलेत. म्हणजे नोंद घेणारा माणूस नवा होता. तापमापकही जुन्या धाटणीचा होता. त्यातल्या सरकत्या खुणेचं खालचं टोक वाचायचं असतं, त्याने बहुधा वरचं वाचलं. फरक सुमारे ७ अंशांचा.

या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकिगत आधी सांगतो. त्या ७ अंशांच्या चुकीने महिन्याची सरासरी जेमतेम पाव अंशाने हलते. पण 'वर्षातला सर्वांत तापलेला दिवस' हा तुमचा विषय असेल, तर ती चूक पूर्णच्या पूर्ण तुमच्या उत्तरात येऊन बसते. टोकाच्या घटना आकड्यांच्या शेपटीत, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मूठभर आकड्यांत राहतात आणि चुकाही नेमक्या तिथेच राहतात. त्यामुळे या अभ्यासातला बहुतेक वेळ या दोघांना वेगळं करण्यात जातो, आणि तो तसा जायलाच हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

आधी प्रश्न, मग आकडे

'आमच्या भागात हवामान टोकाचं होतंय का?' हा प्रश्न अभ्यासाला घेता येत नाही. तो बारीक करा. उन्हाळ्याच्या रात्री गरम होताहेत का? वर्षातला सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस वाढतोय का? पावसाळ्यातला सर्वांत लांब खंड लांबतोय का? या तिन्हींना वेगळे आकडे, वेगळे निर्देशांक (रोजच्या नोंदींतून वर्षासाठी काढलेला एक ठरावीक आकडा) आणि वेगळा संयम लागतो.

प्रदेशाची सीमाही याच टप्प्यावर ठरवा. प्रशासकीय सीमा नकाशावर सोयीची असते, पण पाऊस तिला ओळखत नाही. डोंगराची वाऱ्याकडची बाजू आणि पाठीमागची पर्जन्यछाया एकाच 'प्रदेशात' टाकली, तर दोन उलटे कल एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती शून्य येतं. खोरं, उंचीचा पट्टा, किनारा अशा हवामानाला धरून असलेल्या सीमा घ्या.

दैनंदिन नोंदी आणि त्यांची लांबी

मासिक सरासरीतून टोकाची घटना शोधता येत नाही. रोजचं कमाल तापमान, रोजचं किमान तापमान आणि रोजचा पाऊस या तीन मालिका लागतात. तापमानासाठी किमान ३० वर्षं. पावसासाठी ५० मिळाली तरी मी जास्तीची मागतो, कारण टोकाचा पाऊस एका वर्षातून दुसऱ्या वर्षात इतका उड्या मारतो की छोट्या मालिकेत कल त्या गोंगाटात बुडून जातो.

सुरुवात कुठून करायची? आपापल्या देशाच्या हवामान विभागाकडून, आणि जगभरातल्या केंद्रांच्या दैनंदिन नोंदी एकत्र करणाऱ्या 'जीएचसीएन-डेली' या खुल्या संग्रहातून. जिथे केंद्रं विरळ आहेत तिथे चौकटींवर मांडलेले संच असतात, म्हणजे नकाशाचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाला एक आकडा दिलेला असतो. १९४० पासूनचा, नोंदी आणि संगणकी प्रारूप मिळून बनवलेला 'ईआरए५', ज्याची चौकट साधारण ३१ किलोमीटरची आहे. पावसासाठी १९८१ पासूनचा, उपग्रह आणि केंद्रं दोन्ही वापरणारा 'चर्प्स'. हे संच हाताळायला सोपे असतात आणि म्हणूनच नवा माणूस थेट तिकडे धावतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: चौकटीतला पाऊस हा शेकडो चौरस किलोमीटरवर पसरलेला अंदाज असतो. एका पर्जन्यमापकात पडलेला २०० मिलिमीटरचा ढगफुटीसारखा पाऊस चौकटीत ८० होऊन बसू शकतो. शिवाय केंद्रांवरून बनवलेल्या चौकटींत केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलत जाते. केंद्रं कमी झाली की चौकट गुळगुळीत होते, टोकं झिजतात आणि न झालेली घट दिसायला लागते. म्हणून चौकटी वापरल्या तरी जवळची दोन-चार चांगली केंद्रं घेऊन पडताळा कराच.

नोंदी तपासणं: इथे घाई नको

पहिल्यांदा काहीही न मोजता मालिका फक्त काढून बघा. पूर्ण ५० वर्षांचे ठिपके एका लांब आलेखावर. डोळ्यांना दिसणाऱ्या चुका कितीतरी असतात: कमालपेक्षा जास्त असलेलं किमान, सलग दहा दिवस अगदी तोच आकडा, 'नोंद नाही' यासाठी लिहिलेलं -९९.९ जे कुणीतरी खरं तापमान म्हणून मोजलं, आणि सर्वांत फसवं म्हणजे 'नोंद नाही'च्या जागी टाकलेलं शून्य. पावसात शून्य म्हणजे कोरडा दिवस. त्या एका चुकीने कोरड्या दिवसांची खोटी सलग मालिका तयार होते.

पावसासाठी माझी एक आवडती तपासणी आहे. आठवड्याच्या वारांनुसार पावसाचे दिवस मोजा. पावसाला रविवार कळत नाही. तरीही रविवारी पावसाचे दिवस कमी आणि सोमवारी जरा जास्तच मोठा पाऊस दिसला, तर सुट्टीच्या दिवशी मापक कुणी रिकामं केलेलं नाही आणि दोन दिवसांचं पाणी एका दिवसाच्या नावावर चढलंय. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या नोंदींत हा प्रकार चांगला अभ्यासला गेला आहे. वर्षातला सर्वांत मोठा एक दिवसाचा पाऊस काढताना अशा सोमवारांनी उत्तर फुगतं. दुसरी तपासणी गोलाईची: आकडे ५ आणि १० वर जरुरीपेक्षा जास्त थांबताहेत का, तापमान कोणत्या काळात पूर्ण अंशात लिहिलं आणि कधीपासून दशांशात.

वेळेचाही घोळ असतो. बऱ्याच ठिकाणी पाऊस सकाळी मोजतात, म्हणजे आज लिहिलेल्या आकड्यात बहुतेक पाऊस कालचा असतो. उपग्रहाचा दिवस मात्र मध्यरात्रीला बदलतो. दोन्ही शेजारी ठेवण्याआधी हा एक दिवसाचा सरकाव बघा. तापमानात नोंदीची वेळ बदलली तर आणखी वाईट: कमाल तापमापक दुपारी वाचून परत लावला, तर एका कडक दुपारची उष्णता दोन दिवसांच्या नावावर जाऊ शकते. अमेरिकेत विसाव्या शतकात अनेक केंद्रांवर वाचनाची वेळ दुपारवरून सकाळवर गेली आणि त्यामुळे मालिकेत न घडलेलं थंडावणं शिरलं. ते नंतर दुरुस्त करावं लागलं.

आता उलट बाजू. विचित्र दिसतो म्हणून आकडा उडवू नका. ७ ते ८ जानेवारी १९६६ या चोवीस तासांत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर फॉक-फॉक इथे १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तो आकडा खरा आहे. २९ जून २०२१ रोजी कॅनडातल्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले. त्या उष्णतेच्या लाटेआधी त्या देशाचा उच्चांक होता ४५ अंश, १९३७ चा. 'सरासरीपासून चार प्रमाण विचलनांपलीकडचं सगळं काढून टाका' असा यांत्रिक नियम (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) लावला असता, तर अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची नोंदच फेकली गेली असती. संशयित आकडा सापडला की शेजारच्या केंद्रांचा तोच दिवस बघा, आदल्या आणि पुढच्या दिवसाचे आकडे बघा, त्या दिवशी वादळ किंवा लाट होती का ते शोधा. मग निर्णय घ्या आणि तो कारणासकट वहीत लिहा. मूळ फाइलला हात लावू नका; दुरुस्त्या वेगळ्या फाइलमध्ये.

यानंतर प्रश्न येतो एकजिनसीपणाचा. केंद्र हललं, तापमापक ठेवायची पेटी बदलली, पाऱ्याच्या तापमापकाऐवजी इलेक्ट्रॉनिक आला, शेजारी इमारत उभी राहिली, की मालिकेत पायरी पडते. मला एकदा एका केंद्राच्या रात्रीच्या तापमानात फार सुंदर चढता कल मिळाला होता. शेजारच्या तीन केंद्रांची सरासरी त्यातून वजा केली, तेव्हा तो कल नव्हताच: एका वर्षापर्यंत सपाट, मग एकदम ०.९ अंशांची उडी, मग पुन्हा सपाट. तिथल्या निवृत्त निरीक्षकांना विचारल्यावर कळलं की त्याच वर्षी पेटी मोकळ्या जागेतून इमारतीच्या आवारात आणली होती. दोन महिन्यांचं काम त्या एका फोनने वाचलं. म्हणून शेजाऱ्यांशी फरकाचा आलेख काढणं आणि केंद्राचा इतिहास विचारणं, ही दोन्ही कामं न चुकता करा. पायऱ्या शोधण्यासाठी 'आरएचटेस्ट्स'सारखी मोफत साधनं आहेत, पण साधनाने दाखवलेल्या प्रत्येक पायरीला इतिहासातला पुरावा शोधा. पावसाच्या दैनंदिन मालिकेला तर दुरुस्त करण्यापेक्षा वाईट केंद्र वगळणंच मला सुरक्षित वाटतं.

निर्देशांक निवडणं

जगभरचे निष्कर्ष एकमेकांशी ताडता यावेत म्हणून हवामानतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २७ मूळ निर्देशांक ठरवून दिले आहेत. सगळे काढण्याचा मोह होतो, पण तुमच्या प्रश्नाला लागतात तेवढे पाच-सहा घ्या.

यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, वर्षातलं टोक: सर्वांत जास्त कमाल तापमान (टीएक्सएक्स), सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस (आरएक्स१डे), पाच सलग दिवसांचा सर्वांत मोठा पाऊस (आरएक्स५डे). दुसरा, ठरावीक उंबरठा: किमान तापमान २० अंशांपेक्षा जास्त असलेल्या 'उष्णकटिबंधीय रात्री', किमान शून्याखाली गेलेले दिवस, १ मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे सर्वाधिक सलग दिवस (सीडीडी). इथे सावध राहा. जिथे वर्षभर रात्री २४ अंशांच्या वर असतात तिथे '२० अंशांवरच्या रात्री' दर वर्षी ३६५ येतात आणि कल शून्य निघतो. याचा अर्थ बदल नाही असा होत नाही. चुकीचा उंबरठा घेतला असा होतो.

तिसरा प्रकार पर्सेंटाइलवर आधारलेला, आणि प्रादेशिक अभ्यासाला तोच सर्वांत उपयोगी, कारण तो प्रत्येक केंद्राला त्याच्या स्वतःच्या हवामानाशी ताडतो. 'उष्ण दिवस' (टीएक्स९०पी) असा काढतात: १९६१ ते १९९० सारखा ३० वर्षांचा आधारकाळ घ्यायचा. कॅलेंडरच्या प्रत्येक तारखेसाठी ती तारीख आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन दिवस असे पाच दिवस, तीस वर्षांचे मिळून १५० आकडे. त्यांचं ९० वं पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली ९० टक्के आकडे येतात तो आकडा, हा त्या तारखेचा उंबरठा. त्याच्या वर गेलेला दिवस तो उष्ण दिवस. त्यामुळे आधारकाळात वर्षाला सरासरी ३६-३७ उष्ण दिवस आपोआप येतात. यात एक सापळा आहे: ज्या वर्षांवरून उंबरठा काढला तीच वर्षं त्या उंबरठ्याने मोजली, तर आधारकाळाच्या सीमेवर खोटी उडी पडते. २००५ मध्ये हा दोष दाखवला गेला आणि त्यावर उपायही आला: आधारकाळातलं वर्ष मोजताना ते वर्ष उंबरठ्याच्या हिशोबातून काढायचं, त्या जागी दुसरं एखादं वर्ष ठेवायचं आणि सगळ्या शक्यतांची सरासरी घ्यायची. 'आर' या संगणकी भाषेतल्या 'क्लिमडेक्स' किंवा 'क्लायमपॅक्ट' या साधनांत हे आत बसवलेलं आहे. स्वतः पायथनमध्ये लिहिणार असाल तर हे विसरू नका.

नोंदी गहाळ असतील तर रूढ नियम असा: महिन्यात ३ पेक्षा जास्त दिवस गहाळ असले तर त्या महिन्याचा आणि वर्षात १५ पेक्षा जास्त असले तर त्या वर्षाचा निर्देशांक काढायचा नाही. पण हे १५ दिवस ऐन पावसाळ्यातले आहेत का, हे डोळ्यांनी बघा.

कल मोजणं

टोकाचे आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत नाहीत, म्हणून सरळ रेषेच्या नेहमीच्या पद्धतीऐवजी मान-केंडल चाचणी (कल योगायोगाचा आहे का ते बघायला) आणि सेन उतार (कल किती तीव्र आहे ते मोजायला) वापरतात. संगणकावर ही एका ओळीची आज्ञा आहे, पण एकदा तरी कागदावर करा. समजा पाच वर्षांची सर्वोच्च तापमानं अशी आहेत: ३९.२, ४०.१, ३९.८, ४०.६, ४०.४.

प्रत्येक वर्षाची त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. दहा जोड्या होतात. नंतरचं वर्ष जास्त असेल तर अधिक एक, कमी असेल तर उणे एक. इथे आठ जोड्या चढत्या आहेत, दोन उतरत्या (४०.१ ते ३९.८ आणि ४०.६ ते ४०.४). बेरीज ६. आता हे निव्वळ योगायोगाने होऊ शकतं का? पाच आकडे १२० प्रकारे मांडता येतात. त्यांतल्या १४ मांडण्यांत बेरीज ६ किंवा जास्त येते आणि १४ मध्ये उणे ६ किंवा कमी. म्हणजे १२० पैकी २८, सुमारे २३ टक्के. हेच ते पी मूल्य. आठ जोड्या चढत्या असूनही पाच वर्षांत काही ठामपणे सांगता येत नाही, हे इथे बोटांवर मोजून दिसतं.

सेन उतारासाठी त्याच दहा जोड्यांचे उतार काढा: फरक भागिले वर्षांचं अंतर. चढत्या क्रमाने लावले तर ते येतात -०.३, -०.२, ०.१, ०.२५, ०.३, ०.३, ०.३, ०.४७, ०.८, ०.९. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ०.३; म्हणजे वर्षाला ०.३ अंश. मध्यक घेतल्यामुळे लांब मालिकेत एखादं वेडंवाकडं वर्ष उताराला फारसं ओढू शकत नाही.

दोन गोष्टींनी ही चाचणी फसते. एक, वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र नसणं. गरम वर्षानंतर गरम वर्ष येण्याची प्रवृत्ती असेल, तर चाचणी नको तितकी उत्साही होते. त्यासाठी हमेद आणि राव यांची १९९८ मधली सुधारित पद्धत वापरा. दुसरी, मालिका सुरू होते आणि संपते ती वर्षं. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्यानंतर जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने काही काळ खाली आलं. १९९२ पासून मालिका सुरू केली तर चढ फुगलेला दिसेल. जगाला तात्पुरतं तापवणाऱ्या २०१५-१६ च्या तीव्र एल निनोवर संपवली तरी तेच. म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष पाच-सात वर्षांनी मागेपुढे करून उतार किती हलतो ते बघा. फार हलत असेल तर तसं लिहा.

एका केंद्राकडून प्रदेशाकडे

शंभर केंद्रांवर ५ टक्क्यांच्या पातळीला चाचणी केली, तर हवामान अजिबात बदललेलं नसतानाही सरासरी पाच केंद्रांवर 'सार्थक', म्हणजे योगायोगाचा वाटत नाही असा कल दिसेल. त्यामुळे 'सात केंद्रांवर सार्थक वाढ' या वाक्यात स्वतःहून काही वजन नसतं. १९९५ मध्ये बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी दिलेली, चुकीच्या शोधांचं प्रमाण ताब्यात ठेवणारी पद्धत इथे सोपी आणि पुरेशी आहे.

पावसासाठी प्रदेश एकत्र करणं हाच खरा आधार. एका पर्जन्यमापकावर वादळाचा गाभा आला की नाही, हा जवळपास नशिबाचा भाग असतो. तीस मापकांची मिळून कथा जास्त स्थिर असते. प्रत्येक केंद्राचा आरएक्स१डे त्याच्या आधारकाळातल्या सरासरीने भागा, मग प्रादेशिक सरासरी काढा. म्हणजे डोंगरावरचं एक ओलं केंद्र बाकीच्यांना दाबून टाकत नाही.

नवख्यांसाठी एक सुंदर आणि सोपी पद्धत आहे ती उच्चांक मोजण्याची. हवामान स्थिर असेल आणि वर्षं स्वतंत्र असतील, तर 'न' क्रमांकाच्या वर्षी नवा उच्चांक होण्याची शक्यता एक भागिले 'न'. ५० वर्षांत एका केंद्रावर सरासरी साडेचार उच्चांक व्हायला हवेत, पहिलं वर्ष धरून. प्रदेशातल्या सगळ्या केंद्रांचे उष्णतेचे उच्चांक आणि थंडीचे नीचांक मोजा आणि या अपेक्षेशी ताडा. कोणतंही अवघड सूत्र न लावता कल समोर उभा राहतो.

भौतिकशास्त्राशीही उत्तर ताडून बघा. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. अतिवृष्टीतली वाढ याच्या आसपास असेल तर समजण्यासारखी आहे; एका अंशाला ६० टक्के वाढ निघाली तर मी आधी नोंदींकडे परत जाईन.

लिहिताना

उतार दर दशकाला द्या, त्याच्याबरोबर विश्वासाची मर्यादा (खरा उतार कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा ते), कालावधी, केंद्रांची संख्या आणि किती केंद्रं का वगळली हेही द्या. नकाशावर सार्थक नसलेली केंद्रंही पोकळ वर्तुळांनी दाखवा. 'कल सार्थक नाही' याचा अर्थ 'बदल झालेला नाही' असा लिहू नका; पावसात बहुतेक वेळा त्याचा अर्थ मालिका पुरेशी लांब नाही एवढाच असतो. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस' हे शब्दही जपून वापरा. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते. ज्या गावाने तो दोनदा पाहिलाय त्यांना ही भाषा खोटी वाटते. आणि कल का आला हा वेगळा अभ्यास आहे. शहराची वाढ, सिंचन, हवेतले सूक्ष्म कण, हरितगृह वायू, यांचा वाटा नुसत्या उतारातून वेगळा होत नाही.

सुरुवात कराल तेव्हा एकच केंद्र आणि एकच निर्देशांक घ्या. पहिले दोन दिवस फक्त आलेख बघा. तिसऱ्या दिवशी वारांनुसार पाऊस मोजा. चौथ्या दिवशी मालिकेतले दहा सर्वांत मोठे आकडे निवडा आणि प्रत्येकासाठी शेजारच्या केंद्राचा तोच दिवस उघडा. त्या दहांतले किती टिकतात ते वहीत लिहून ठेवा, आणि मगच दुसरं केंद्र उघडा.